रंग न चढलेला चिखल्या

एप्रिलात चेन्नईला पक्षी बघायला चाललेय म्हटल्यावर आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"अगं, लोक तिकडे थंडीत जातात."

"थंडीत पक्षी येतात. मला ते जाताना बघायचेत."

हे खरं होतं, पण अर्धंच. गुहागरला शाळेत शिकवता शिकवता मी निम्मं आयुष्य खाडीच्या कडेला दुर्बीण लावून काढलंय. त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगते. हिवाळ्यात आपल्याकडे उतरणारे चिखल्या, तुतारी वगैरे किनाऱ्यावरचे पक्षी दिसायला अगदीच सुमार असतात. मळकट, राखी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. लोक त्यांनाच बघून घरी जातात. परतीची वेळ आली की त्यांना रंग चढायला लागतो. कुणाची छाती विटकरी होते, कुणाचं पोट काळंभोर. असे नटूनथटून ते आपल्या थव्यांत जमतात आणि उत्तरेला निघून जातात. पूर्व किनाऱ्यावर हा सोहळा मोठा असतो असं ऐकून होते.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे मुग्धाचा फोन. मुग्धा माझी मुलगी, लग्न करून चेन्नईत अण्णा नगरला राहते. तिच्या सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या विहीणबाईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची होती. डॉक्टरांनी तारीख दिली की बाई पुढे ढकलायच्या. कधी उकाडा, कधी पंचांग, कधी नुसतंच "बघू".

"आई, तूच ये आणि समजाव. तुझं ऐकतील. त्यांनाही पक्ष्यांचं वेड आहे," मुग्धा म्हणाली.

विहिणीनं विहिणीला समजवायचं! रुखवतावरून सुद्धा आमचं कधी एकमत झालं नव्हतं. पण म्हटलं, चला.

अण्णा नगर

पद्माबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून त्यांची मराठी आपल्या मराठीहून वेगळीच राहिलीय. शब्द जुने, आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा उचललेला. लग्नात ती ऐकताना मला हसू आवरत नव्हतं. या खेपेला मात्र दारातच त्या म्हणाल्या, "या हो, बैसा. उन्हाच्या आलांत. आधी काप्पी घ्या, मग बोलणं," आणि ते मला फार आवडलं. विहीणबाई वगैरे त्यांनी एका दिवसात गुंडाळून ठेवलं आणि मला अक्का म्हणायला लागल्या.

जेवायला ताटात डांगर! उडदाच्या पिठाचं, दह्यातलं. आमच्याकडे उन्हाळ्यात असतं तेच. फक्त आमच्यात कच्चा कांदा आणि वरून कच्चं तेल, त्यांच्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. मी म्हटलं, "हे तर आमचं." त्या म्हणाल्या, "तुमचं कसं? आमच्या आजीचं आहे." यावर आम्ही दोघींनी बराच वेळ वाद घातला आणि दोनदा वाढून घेतलं.

त्यांचं चालणं बघवत नव्हतं. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत भिंत धरत धरत यायच्या. मी सरळच विचारलं, "ऑपरेशनचं काय ठरवलंत?"

"एन्नोरला माझं एक काम उरलंय. ते झालं की जाते."

मुग्धानं स्वयंपाकघरातून मला डोळ्यांनी खूण केली. हेच ते, अशी.

एन्नोर

एन्नोर शहराच्या उत्तर टोकाला आहे. व्याही तिथल्या विजेच्या कारखान्यात होते. पद्माबाईंनी तिथेच कामगार वस्तीतल्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. व्याही गेल्यावर त्या मुलाकडे अण्णा नगरला आल्या, तरी आठवड्यातून दोनदा सेल्वमच्या ऑटोतून एन्नोरच्या खाडीवर जायच्याच. सेल्वम हा त्यांचा नेहमीचा ऑटोवाला. गप्प माणूस. बाई चढताना ऑटो हलू नये म्हणून तो पायानं चाक अडवून धरायचा.

किती वाजता निघायचं ते मी ठरवलं. चिखलातले पक्षी बघायचे तर ओहोटी गाठायला हवी, आणि भरती-ओहोटीच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला कुणी शिकवायचं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि साडेदहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. मी सगळ्यांना साडेनऊपर्यंत घरात बसवून ठेवलं. पद्माबाई दोनदा म्हणाल्या, "अक्का, सकाळी बरं असतं." मी ऐकलं नाही.

साडेदहाला आम्ही पोचलो तेव्हा ऊन भाजून काढत होतं आणि खाडीचं पाणी चढत होतं! चढत होतं म्हणजे किती, तर हातभर. आमच्याकडे पुरुषभर पाणी चढतं-उतरतं. इथे समुद्राला तेवढी हौसच नाही. वेळाही वेगळ्या. शिवाय इथे चिखल उघडा पडणार की नाही ते चंद्रापेक्षा वाळू ठरवते, हेही मला तिथे कळलं. खाडीच्या तोंडाशी वाळू साचली की समुद्राची ये-जा बंद. मग आतलं पाणी तुंबून सगळा चिखल बुडतो. यंत्र लावून तोंड उघडलं की पुन्हा उतरतो.

"तिथी तुमच्या समुद्राची," पद्माबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या आणि मनसोक्त हसल्या.

खाडी सुंदर म्हणावी अशी मुळीच नाही. पलीकडे धुराडी, मध्ये पाइपांची रांग, आणि चिखलात राख मिसळून तो सिमेंटसारखा दिसणारा. त्यातच बायका कमरेइतक्या पाण्यात बसून हातांनी चाचपडत कोळंबी धरत होत्या. सापडलेली कोळंबी दातांत धरलेल्या ताडाच्या पिशवीत टाकायच्या. त्यातल्या एकीनं पिशवी तोंडातून काढून "टीचर!" अशी हाक मारली. ही मल्लिगा, बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिनं पाण्यातूनच एका वाळूच्या पट्ट्याकडे बोट केलं.

मी दुर्बीण लावली आणि ऊन विसरले. पट्ट्यावर वाळू-चिखल्यांचा थवा दाटीवाटीनं बसला होता. मूठभर जीव, पण काय रंग! छातीवर नारिंगी-तांबूस पट्टा, डोळ्यांवरून काळी पट्टी. पलीकडे थोडे सोनचिखल्या, पाठीवर सोनेरी शिंतोडे, पोट काळं. हे वाळू-चिखल्या इथून हिमालय ओलांडून तिबेटच्या बाजूला जातात. एवढ्याशा अंगात एवढी हिंमत, मला तरी दर वेळी नवल वाटतं.

"डाव्या टोकाला बघा," पद्माबाई म्हणाल्या. "तो माझा नोंडी."

नोंडी म्हणजे तमिळमध्ये लंगडा. थव्याच्या टोकाला एक चिखल्या एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायाला मासेमारीचा नायलॉनचा दोरा गुंडाळून आवळला होता, पाऊल जवळजवळ झडलेलं. लाट आली की बाकीचे धावायचे, हा टुणटुण उड्या मारत मागे राहायचा. तरी खाणं टिपत होता.

"डिसेंबरापासून बघते. धरू म्हटलं, सापडत नाही. तो गेला की मी जाते ऑपरेशनला. एवढं ठरवलंय."

"म्हणजे याच्यासाठी तारखा पुढे ढकलताय?"

"भय वाटतं, अक्का." त्यांनी एकदम, काही आडपडदा न ठेवता सांगितलं. "डॉक्टर म्हणतो, चालाल. पण भूल दिल्यावर उठलेच नाही तर? आमचे हे असेच लहानशा ऑपरेशनला गेले. दारातून 'जाऊन येतो' म्हणाले. कुणाची चूक नव्हती, टेबलावर हृदय थांबलं. हा एका पायानं एवढ्या लांब जाऊ शकतो तर मला काय झालंय, असं मनाला समजावते. पण आधी त्यानं जायला हवं."

तेव्हा मला सकाळची गोष्ट लक्षात आली. घरातून निघताना मी सवयीनं मुग्धाला "येते गं" म्हटलं होतं. आपण "जाते" म्हणत नाही, तमिळ माणसंही म्हणत नाहीत. तीही "जाऊन येते" म्हणतात. पद्माबाई मात्र काहीच न बोलता जिना उतरल्या होत्या.

त्यांनी दुर्बीण मागितली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यांना रंग आलाय. याची छाती अजून राखीच का हो?"

"येईल हळूहळू," मी म्हणाले.

येणार नव्हता. पहिल्या नजरेतच मला ते कळलं होतं. ज्याला जायचं नसतं त्याला रंग चढत नाही. कोवळे, दुबळे, जायबंदी पक्षी उन्हाळाभर इथेच राखी अंगानं राहतात. हा नोंडी या वर्षी कुठेही जाणार नव्हता. पण हे बाईंना सांगितलं असतं तर ऑपरेशन कायमचंच राहिलं असतं, आणि मी कशाला आले होते?

पुलिकत

दोन दिवसांनी पुन्हा गेलो, या वेळी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उजाडताच. खाडीचं तोंड वाळूनं मिटलं होतं. पाणी तुंबून पट्टे बुडाले होते आणि एकही पक्षी नव्हता. मल्लिगा काठावर जाळं वाळवत होती. तिनं तळहात उलटे करून दाखवले.

"गेले?" पद्माबाईंनी मला विचारलं.

"गेले असतील. नाहीतर पुलिकतला सरकले असतील," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. बाईंनी सेल्वमला पुलिकतला जायला सांगितलं.

पुलिकत म्हणजे एन्नोरच्या वर, समुद्राला लागून पसरलेलं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर. वाटेत केळीच्या पानावर इडियाप्पम खाल्लं. ते म्हणजे आपल्या शेवया वाफवून त्यांचं घरटं केल्यासारखं. त्यावर नारळाचं गोड दूध. मी चमच्यानं खायला गेले तर टपरीवाली माझ्याकडे दयेनं बघायला लागली. हातानं खाल्ल्यावर ती समाधानानं आत गेली.

दुपारभर ताडांच्या सावलीत बसून काढली. सरोवराचं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. रोहित पक्ष्यांची एक गुलाबी रेघ लांबवर हलत होती. चिखल्यांचे थवे होते, पण इतके दूर की पाय मोजणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर मी मोजायचा प्रयत्नही फारसा केला नाही.

ऊन उतरल्यावर थव्यांत चुळबूळ सुरू झाली. आधी एक घोळका उठला, बोलावणं केल्यासारखा ओरडला, पुन्हा बसला. परत उठला. या वेळी दुसरे त्याला येऊन मिळाले. वर गोल गोल फिरत सगळे उंच झाले, मग त्यांची वाकडीतिकडी ओळ झाली आणि ती ओळ उत्तरेकडे वळली. खाली कुणी परतलं नाही. त्यांचा आवाज ऐकू येत होता तोवर आम्ही दोघी माना वर करून उभ्या होतो. मी इतकी वर्षं पक्षी बघतेय, पण नेमकं जाणं मी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, का ते विचारू नका.

पद्माबाईंनी हात जोडले.

"त्यात आपला असेल?"

"असेल की," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. नंतर "सेरी" एवढंच म्हणाल्या. सेरी म्हणजे ठीक. परत येताना ऑटोतूनच त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि पुढची तारीख घेतली. घरी मुग्धानं मला मिठी मारली. जावई श्रीनिवास म्हणाले, "आई, तुम्ही जादू केलीत." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. डांगर होतं, तरी.

पुन्हा एन्नोर

ज्या दिवशी दुपारी त्यांना दवाखान्यात भरती व्हायचं होतं, त्याच संध्याकाळी माझी परतीची गाडी होती. सकाळीच मल्लिगाचा फोन आला. खाडीचं तोंड उघडलं होतं, पाणी उतरलं होतं.

"एकदा बघून येऊ," पद्माबाई म्हणाल्या. "रिकामी तर रिकामी."

मुग्धा कुरकुरली, पण बाई जिना उतरायला लागल्यासुद्धा. नेहमीसारख्या, काही न बोलता.

काठावर एक होडी उपडी घातलेली होती. त्या तिच्यावर टेकल्या. गुडघा त्या दिवशी फारच दुखत होता. मी दुर्बीण घेऊन चिखलाच्या कडेनं पुढे गेले. राखी चिखल ओला, चकचकीत, आणि जवळजवळ मोकळा. दोन शेकाट्या लांब गुलाबी पायांवर चालत होते. एक बगळा होता. आणि पाइपांच्या सावलीत, एका पायावर, राखी छातीचा तो.

थवा गेला होता. हा मागे राहिला होता. टुणकन उडी मारून त्यानं चिखलातलं काहीतरी ओढून काढलं आणि गिळलं.

"अक्का! दिसतं का कोण?" मागून हाक आली.

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. त्या एवढ्या दूर चालत येऊ शकत नव्हत्या. दवाखान्याची बॅग ऑटोत होती. माझ्या डोळ्यांसमोर मुग्धाचा चेहरा येत होता. पण टेबलावर आडवं झाल्यावर डोळे मिटताना ही बाई काय आठवणार? मी सांगितलेलं खोटं! तेवढ्या एका भरवशावर ती तिथे निघाली होती. मला ते सहन होईना. मी मागे वळून त्यांच्यापाशी गेले.

"आहे," मी म्हणाले. "नोंडी इथेच आहे. बाकीचे गेले. तो जाणारच नव्हता. रंग नाही चढला म्हणजे जायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

सेल्वम ऑटोपाशी उभा राहून उगाच आरसा पुसत होता.

"पुलिकतला 'असेल' म्हणालांत."

"म्हणाले."

"मग मजशी खोटं बोललांत."

"हो."

"मला वाटलंच होतं. तुम्ही एरवी एवढं थोडक्यात कधी बोलता?"

मी त्यांच्या शेजारी होडीवर बसले. घरी जाऊन मुग्धाला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"आता तो कुठे जाईल?" त्यांनी विचारलं.

"कुठे नाही. इथेच राहील. मे, जून, जुलै. बाकीचे परत येतील तेव्हाही इथेच असेल."

"त्या पायानं निभेल?"

"आत्ता माझ्यादेखत भलामोठा किडा गिळला त्यानं. आपल्यापेक्षा बरं जेवतो."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "हात द्या."

माझा हात धरून त्या उठल्या आणि चालायला लागल्या. चिखलाच्या कडेपर्यंतचं ते अंतर मी एकटी पटकन गेले होते, दोघींना किती वेळ लागला देव जाणे. मध्ये दोनदा थांबलो. मल्लिगा पाण्यातून बाहेर आली आणि दुसऱ्या बाजूनं तिनं टीचरचा दंड धरला. कडेशी पोचल्यावर मी दुर्बीण लावून दिली.

बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. वारा सुटला होता, त्यांचा पदर माझ्या तोंडावर येत होता.

"आमच्याकडे पाऊस दिवाळीला असतो, अक्का," त्या दुर्बिणीतून बघतच म्हणाल्या. "तोवर इथे सगळं कोरडं. नवीन वाटी घेऊन मला इथवर यायला हरकत नाही. हा गेला असता तर मी उठून बघायचं कुणाला?"

मग त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि घड्याळ पाहिलं. सेल्वमला ऑटो वळवायला सांगितलं. मल्लिगाच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. दोन पावलं गेल्यावर त्या थांबल्या, चिखलाकडे वळल्या, आणि दारात उभं राहून घरच्या माणसाला सांगावं तसं त्याला म्हणाल्या, "जाऊन येते रे."